खेळाडूंनी उभारलेल्या गेम-संकेतस्थळांची सूची : पार्श्वभूमी

बडोद्यातील काही मराठी खेळाडू व्हिडिओ गेमविषयी खेळाडूंनीच उभारलेल्या संकेतस्थळांची एक सामाईक सूची जुळवीत आहेत. विकी, नकाशांचे संग्रह, मॉडची (खेळात खेळाडूंनी केलेल्या फेरबदलांची) भांडारे, मार्गदर्शिका, लहान सर्व्हरांची पाने असे सारे तिच्यात यायचे आहे. नोंदी कोणत्या क्रमाने दाखवायच्या, नाकारल्यास कारण कोठे लिहायचे आणि मुळात ‘खेळाडूनिर्मित’ कोणाला म्हणायचे, हे तीन प्रश्न सुरुवातीलाच उभे राहिले. त्यांपैकी तिसरा सर्वांत चिवट ठरला.

सूचीकरणाचा विचार या शहराला नवा नाही. १९१० मध्ये संस्थानाने अमेरिकेतून एका ग्रंथपालास बोलावून घेतले, बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धती तयार करवली आणि ग्रंथपेट्या गावोगावी फिरू लागल्या. त्या व्यवस्थेत एका पुस्तकाला एकच जागा असे, कारण पुस्तक एका वेळी एकाच कपाटात राहते. इंटरनेटवरच्या पहिल्या मोठ्या सूच्यांनीही विभाग-उपविभागांची हीच रचना स्वीकारली. दोन अमेरिकी विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली सूची त्यांत अग्रणी होती. तिच्यात पुढे व्यावसायिक नोंदींसाठी वर्षाला २९९ डॉलर आकारले जाऊ लागले आणि हौशी पाने मागे पडत गेली.

बडोद्याच्या सूचीच्या पहिल्या नियमांची मुळे मात्र १९९८ मध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवी संपादकांनी चालवलेल्या ‘डीमॉझ’ या सूचीत आहेत. तिच्यात नोंदीला शुल्क नव्हते आणि तिचा सारा विदा कोणालाही वापरता येत असल्यामुळे अनेक शोधसेवांनी तो उचलला होता. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिच्यात सुमारे ३८ लाख संकेतस्थळे होती आणि तोवर संपादकपद घेतलेल्यांची संख्या ९० हजारांच्या वर गेली होती. एवढे काम बिनमोल उभे राहिले, याचे मोल कमी करता येणार नाही. तरीही न्याय्यतेच्या कसोटीवर तिच्यात दोन गंभीर उणिवा होत्या. ज्या विभागाचा संपादक त्याच विषयाचे संकेतस्थळ चालवीत असे, तेथे प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी रखडत असल्याच्या तक्रारी वारंवार होत. त्याहून वाईट म्हणजे नकाराची टिपणे फक्त संपादकांनाच दिसत. महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्याला आपली नोंद नाकारली गेली की अजून कोणी पाहिलीच नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. नकाराचे कारण सर्वांना दिसेल अशा जागी लिहावे आणि स्वतःच्या संकेतस्थळाच्या विभागात संपादकाने हात घालू नये, हे बडोद्याच्या सूचीचे दोन नियम थेट या अनुभवातून आलेले आहेत, आणि त्यांवर फारसा वाद झाला नाही.

क्रमाचा प्रश्नही तुलनेने लवकर सुटला. मतांवर क्रम लावणाऱ्या याद्यांत खासगी सर्व्हर, म्हणजे खेळाडूंनी स्वतंत्रपणे चालवलेले खेळाचे सर्व्हर, मत देणाऱ्याला खेळातले बक्षीस देतात, त्यामुळे त्या मतांतून गुणवत्ता कळत नाही. वर्णानुक्रमात रोमन नावे आधी की देवनागरी, हा पेच येतो. म्हणून रोज वेगळ्या अक्षरापासून यादी सुरू करण्याचे ठरले.

उरला तो शब्द, ‘खेळाडूनिर्मित’. मजकूर खेळाडूंनी लिहिलेला असावा, एवढाच अर्थ घेतला तर जवळजवळ प्रत्येक विकी सूचीत बसतो. संकेतस्थळाचा पत्ता आणि ते ज्यावर चालते तो सर्व्हरही खेळाडूंच्या ताब्यात हवा म्हटले, तर फार थोडी संकेतस्थळे उरतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या विकीचा प्रवास पाहिल्यास ही गुंतागुंत लक्षात येते. २००४ मध्ये खेळाडूंनी सुरू केलेला हा विकी २००७ मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या एका मोठ्या विकी-जाळ्यात गेला. पानांची मांडणी आणि जाहिराती यांबाबतचे निर्णय न पटल्यामुळे २०१० मध्ये संपादकांच्या मोठ्या गटाने मजकुराची प्रत घेऊन दुसऱ्या ठिकाणी नव्या नावाने घर केले. २०१८ च्या अखेरीस त्याच जाळ्याने ते नवे घरही विकत घेतले आणि २०२३ मध्ये संपादकांना पुन्हा बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ‘माइनक्राफ्ट’च्या विकीनेही स्वतंत्र पत्ता घेतला. मजकुराचा परवाना मुक्त असल्यामुळे प्रत नेता येते, परंतु मूळ प्रत पुसता येत नाही. ती जागच्या जागी राहते आणि जुन्या दुव्यांच्या बळावर शोधात बराच काळ वर दिसत राहते. नवखा वाचक तेथेच पोहोचतो आणि तेथली माहिती जुनी झाल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही.

अशा जोडप्रतींचे काय करायचे, यावर गटात तीन मते होती. काहींच्या मते सूचीने निवाडा करू नये आणि दोन्ही नोंदी समान द्याव्यात, कारण मागे राहिलेल्या प्रतीवरही कोणी ना कोणी खेळाडू मनापासून लिहीत असतो. हा मुद्दा खरा आहे आणि तो डावलता येत नाही. दुसऱ्या बाजूस जुनी प्रत वगळण्याचा आग्रह होता. तिसरे मत असे की दोन्ही ठेवाव्यात, पण ज्या प्रतीकडे बहुसंख्य संपादक गेले ती वर आणि जुनी तिच्याखाली, स्थलांतराच्या वर्षासह. प्रस्तुत लेखकाला हेच योग्य वाटते. समान नोंदी दिल्याने समानता येत नाही, कारण शोधसेवेने आधीच जुन्या प्रतीच्या पारड्यात वजन टाकलेले असते. सूचीने तेथे गप्प राहणे म्हणजे त्या वजनास संमती देणेच होय.

सध्या तिसरे मत नियम म्हणून स्वीकारले आहे, मात्र एका दुरुस्तीसह. २०२३ मधील नव्या घरांपैकी काहींचे सर्व्हरही व्यावसायिक कंपन्यांचेच आहेत, हे विरोधकांनी दाखवून दिल्यावर प्रत्येक नोंदीत मजकूर कोणाचा, पत्ता कोणाचा आणि खर्च कोठून भागतो, असे तीन वेगळे रकाने ठेवण्यात आले. संपादन-इतिहास पुरावा म्हणून जोडल्यास वरची नोंद खाली आणि खालची वर करण्याची मागणी कोणत्याही बाजूस करता येते.