हेडलाइटच्या बल्बचा खर्च : दोनशे रुपयांपासून हजारोंपर्यंतची पार्श्वभूमी

मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब गेला, तर तो बदलण्याचा खर्च आज दोनशे-अडीचशे रुपयेही असू शकतो आणि काही गाड्यांत तीस-चाळीस हजारांच्या घरातही जाऊ शकतो. एकाच बिघाडाच्या दुरुस्तीत एवढी तफावत क्वचितच आढळते. ती समजून घ्यायची, तर बल्ब हा सुटा विकला जाणारा भाग कितपत उरला आहे आणि सुटे भाग विकण्याची मुभा कोणाकोणाला आहे, हे पाहावे लागते.

हेडलाइट पुरता सीलबंद असणे ही मुळात नवी गोष्ट नाही. अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक आणि तंतू एकजीव असलेला ७ इंची गोल दिवा सर्रास वापरात आला; तंतू तुटला की सबंध दिवा बदलावा लागे. तरीही तो ग्राहकाला जड जात नसे, कारण सुरुवातीच्या काळात माप सगळ्या गाड्यांना एकच होते आणि कोणत्याही दुकानातला दिवा कोणत्याही गाडीला बसे. १९७१ मध्ये युरोपात दोन तंतूंचा हॅलोजन एच-४ बल्ब आला आणि पुढे आपल्याकडच्या लहान गाड्यांनी तोच उचलला. ६० वॅटचा अप्पर, ५५ वॅटचा डिपर, मागे तीन पिना. बॉनेट उघडायचे, कनेक्टर ओढून काढायचा, रबरी टोपी सोडवायची, तारेची क्लिप दाबून जुना बल्ब बाहेर घ्यायचा आणि काचेला बोट न लावता नवा बसवायचा, की काम झाले. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हा बल्ब मागताना गाडीचे मॉडेल सांगण्याचीही गरज पडत नसे. बल्बचे माप, वॅट आणि बैठक आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली असल्यामुळे कोणत्याही एका उत्पादकाला त्यावर हक्क सांगता येत नव्हता, आणि तो स्वस्त राहिला तो यामुळेच.

बल्बला लाभलेले हे मोकळेपण गाडीच्या बाकीच्या भागांना नव्हते. त्यावरचा वाद जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीतून देशाच्या स्पर्धा नियामकापुढे, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. तक्रार तीन मोटार उत्पादकांविरुद्ध होती. चौकशीची व्याप्ती वाढत सतरा उत्पादकांपर्यंत गेली. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि बिघाड शोधण्याची उपकरणे केवळ अधिकृत वितरकांनाच मिळतात आणि बाहेरचा गॅरेजवाला त्यांपासून वंचित राहतो, असे तक्रारीचे स्वरूप होते. हेडलाइटच्या बाबतीत याचा अर्थ असा की, दिव्याची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेला आख्खा दिवा, बनवणारा कारखाना वेगळा असला, तरी उत्पादकाशी झालेल्या करारामुळे त्याला तोच दिवा परस्पर बाजारात विकता येत नसे.

ऑगस्ट २०१४ मध्ये निर्णय लागला. चौदा उत्पादकांना त्यांच्या सरासरी वार्षिक उलाढालीच्या २ टक्के, म्हणजे एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड झाला. चर्चा दंडाच्या आकड्याचीच अधिक झाली. खरा वादाचा मुद्दा मात्र बाजारपेठेच्या व्याख्येचा होता. उत्पादकांचे म्हणणे असे की, गाडी आणि तिचे सुटे भाग ही एकच बाजारपेठ आहे, ग्राहक गाडी घेतानाच पुढच्या देखभालीचा हिशेब करतो आणि नव्या गाड्यांच्या बाजारात कोणा एकाचे वर्चस्व नाही. नियामकाने हे अमान्य केले. शोरूममध्ये उभा असलेला ग्राहक सात वर्षांनंतरच्या हेडलाइटची किंमत विचारत नाही आणि विचारली तरी ती त्याला नीट कळण्याची सोय नसते, हे ज्याने एकदा तरी गाडी घेतली आहे त्याला वेगळे सांगायला नको. गाडी घेतल्यावर ग्राहक त्या उत्पादकाच्या भागांशी बांधला जातो. म्हणून प्रत्येक उत्पादक आपापल्या भागांच्या बाजारात वर्चस्वशाली ठरतो, असा निष्कर्ष निघाला. या भागांवर आपला बौद्धिक संपदेचा हक्क आहे, हा उत्पादकांचा बचावही टिकला नाही. भाग खुल्या बाजारात विकण्याची आणि बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द न करण्याची ताकीद देण्यात आली. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही उत्पादकांच्या अपिलांत हा दोष कायम ठेवला, मात्र दंड केवळ सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगून तो बराच कमी केला. प्रकरण त्यानंतरही वरच्या न्यायालयांत गेले.

या निर्णयाची टीका करणारे म्हणतात की, बनावट मालाला त्याने वाट मोकळी करून दिली. बनावट हेडलाइट बाजारात असतात, हे खरेच आहे. पण ते २०११ पूर्वीही होते, आणि अस्सल भाग काउंटरवर मिळत नाही तिथेच नकली माल जास्त खपतो.

न्यायालयीन लढा चालू असतानाच तंत्रज्ञान पुढे गेले. एलईडी दिवे आधी महागड्या गाड्यांत आले आणि दशकभरात मध्यम किमतीच्या गाड्यांतही उतरले. त्यांत एलईडी, त्यांना वीज पुरवणारे सर्किट आणि उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग यांची एकत्र जुळणी असते आणि बऱ्याच गाड्यांत यांतले काहीच सुटे विकले जात नाही. असेंब्ली प्रत्येक मॉडेलची निराळी. सीलबंद दिवा परत आला, पण ७ इंची गोल दिव्याचे सामाईक माप त्याच्याबरोबर आले नाही. आता भाग खुल्या बाजारात मिळाला, तरी तो अख्खाच घ्यावा लागतो. मोठ्या शहरांतले काही कारागीर सांध्यातला डिंक तापवून दिवा उघडतात आणि आतले सर्किट दुरुस्त करून देतात. मात्र त्यानंतर वॉरंटीचा दावा करणे कठीण असते. हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवणारे पुष्कळ आहेत, पण त्या परावर्तकासाठी तो बनलेला नसल्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात, आणि परवानगी नसलेला असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्हीही होऊ शकते.

विम्याचा आधारही तोकडा आहे. काचेच्या भागांवर घसारा (भाग जुना झाल्यापोटी भरपाईतून होणारी कपात) लागत नाही, प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के लागतो, आणि आजचे हेडलाइट प्लास्टिकचे असल्याने बहुधा याच वर्गात धरले जातात. शून्य घसाऱ्याची पुरवणी घेतलेली असेल तर अपघातात फुटलेल्या दिव्याची भरपाई बऱ्यापैकी मिळते. आतले सर्किट आपोआप निकामी झाले, तर तो विद्युत बिघाड ठरतो आणि साध्या पॉलिसीत त्याची भरपाई नाही.