चोराला ठार मारले तरी गुन्हा नाही, हा गैरसमज

कूलरचा पंप किंवा नळाची मोटार चोरीला गेल्याचा विषय निघाला की नागपुरात महालापासून मानेवाड्यापर्यंत कुणीतरी ठामपणे सांगतोच, की आवारात शिरलेल्या चोराला ठार मारले तरी स्वसंरक्षण म्हणून सुटका होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता असे म्हणत नाही, आणि जुनी दंड संहिताही म्हणत नव्हती.

मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मोजक्याच प्रसंगी देते: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशा परिस्थितीतील चोरी, आणि तेथेही बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, ही कलम ३७ ची अट सुटत नाही. भरदुपारी पंप उचलणाऱ्या निःशस्त्र माणसाला अडवता येते, प्रसंगी बळही वापरता येते, पण पंप टाकून तो कुंपणावरून पळाल्यानंतर चौकात गाठून केलेली मारहाण हा सरळ गुन्हाच ठरतो.

नागपुरात हमखास दिला जाणारा अक्कू यादव या गुंडाचा दाखलाही गैरलागू आहे. २००४ मध्ये जमावाने त्याला न्यायालयातच मारले तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता, आणि पुढे आरोपी सुटले ते स्वसंरक्षण मान्य झाल्यामुळे नव्हे, तर पुराव्याअभावी.