लिंगभाव : आरोग्याचा सामाजिक निर्धारक

बाई किंवा पुरुष म्हणून समाजाने वाट्याला दिलेली कामे, बंधने, हक्क आणि अपेक्षा म्हणजे लिंगभाव. जन्मजात लिंगाहून तो वेगळा. गर्भाशयाचा आजार शरीराचा. पण बाई दवाखान्यात कधी जाईल, कोणाला विचारून जाईल आणि तिच्यासाठी किती पैसे निघतील, हे घर ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने (२००५–०८, अध्यक्ष मायकेल मार्मट) आरोग्याच्या सामाजिक कारणांचा आढावा घेतला, त्यात उत्पन्न आणि शिक्षणाच्या बरोबरीने लिंगभावही धरला.

या विषयात कोल्हापूर हटकून आठवते, कारण इथे गरिबीची सबब चालत नाही. ऊस, दूध, फाउंड्री. जिल्ह्यात पैसा खेळता. तरी २००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८३९. राज्याचा आकडा ९१३ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. म्हणजे कायदा होता, सोनोग्राफी होती आणि तिचे पैसे मोजण्याची ऐपतही होती. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्यात आला. रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रशासनाचा निर्णय उचलून धरला. त्या वर्षीच्या जनगणनेत जिल्हा ८६३ वर चढला, राज्य ८९४ वर घसरले. श्रेय मात्र यंत्राला देता येत नाही. तेव्हा मोजलेली बहुतेक मुले ते बसण्याआधीच जन्मली होती.

गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. फडाजवळच्या पालाला न्हाणी नाही, संडास नाही. पाळीचे दिवस, गरोदरपण, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणे, सगळे एकाच हिशेबात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दुखणे पिशवीचे असेल, ती काढून टाकण्याची घाई खाड्याची होती.

रक्तक्षयाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २२ टक्क्यांना. पाळी हे एक कारण, सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले खाणे हे दुसरे. पहाटे म्हशीची धार बाई काढते. दूध जाते डेअरीला, नाहीतर तालमीत जाणाऱ्या पोराच्या खुराकाला. भूक मारायला तिच्याकडे मिश्री असते.

पुरुषांनाही हे बाधते: दुखणे अंगावर काढणे, दारू, तंबाखू, भरधाव गाडी हे सगळे मर्दपणात मोजले जाते. तृतीयपंथी आणि देवीला वाहिलेल्या जोगत्यांना तर केसपेपर काढण्यापासूनच नजरा झेलाव्या लागतात.

संस्थानी काळात परपुरुषासमोर अंग उघडे करायचे नाही, या धाकाने बायका उपचाराविना राहत. शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकर यांच्या वैद्यकीय शिक्षणाला पाठबळ दिले आणि संस्थानच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आली. विधवेचे एकटेपण मात्र कुठल्याच केसपेपरवर येत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये केला; त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले.