दुकानाचा विमा कर्जाएवढाच काढू नका

नाशिकच्या भद्रकाली, दूध बाजार, वडाळा नाका इथले दुकानदार आधी विचारतात, "तकाफुल मिळेल का?" भारतात आजघडीला तकाफुल, म्हणजे इस्लामी नियमांनुसारचा विमा, विकायचा परवाना कोणाकडेच नाही. मलेशियात 1984 पासून त्याचा कायदा आहे. तिथे सभासद 'तबर्रू' म्हणजे देणगी म्हणून सामाईक निधीत पैसे टाकतात, भरपाई त्यातूनच होते आणि निधी व्याजावर गुंतवत नाहीत. इथे कोणी तकाफुलच्या नावाने पावती फाडत असेल, तर आयआरडीएआय या विमा नियामकाचा नोंदणी क्रमांक मागा.

आम्ही देतो ती 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ती चालते. तिच्यात बचत नाही की बोनस नाही, फक्त आग, पूर, दंगल अशा नुकसानीची भरपाई. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. जायज-नाजायज सांगणं आमचं काम नाही. पॉलिसीच्या मजकुराची प्रत देतो, ती मुफ्तीसाहेबांना दाखवा.

घोळ पुढेच होतो. विमा जायज की नाजायज अशी मनात शंका असते, म्हणून बँकेने सांगितला तेवढाच, कर्जाएवढा विमा काढला जातो. समजा माल 8 लाखांचा, विमा 3 लाखांचा आणि आगीत 2 लाखांचा माल गेला. हातात 2 लाख येत नाहीत. विमा आठात तीन हिस्से, म्हणून भरपाईही तेवढीच: 75 हजार, तीही वजावटीआधी, म्हणजे दाव्यातला आपण सोसायचा हिस्सा कापण्याआधी. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर तो पैसा आधी कर्जखात्यात जातो. 15 टक्क्यांपर्यंतची तूट ही पॉलिसी माफ करते, म्हणजे इथे किमान 6 लाख 80 हजारांचा विमा हवा होता.

माल खरेदीच्या भावाने धरा, विक्रीच्या नव्हे, आणि रमजान ईद किंवा दिवाळीआधी भरलेल्या दुकानाचा धरा. टेलरकडचं गिऱ्हाइकाचं कापड, दुरुस्तीला आलेली मशीन हा परका माल, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. गोदाम दुसऱ्या गल्लीत असेल तर तोही पत्ता घाला.

फोनवर पॉलिसी का देत नाही, म्हणून काही जण रागावतात. आम्ही दुकानात येऊन माल मोजतो, त्याचे पैसे घेत नाही. भांडी बाजार, सराफ बाजारात 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे तिथे खालच्या फळीवर काय ठेवता तेही बघतो.

नुकसान झालं तर ते मोजणारा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला, जळका माल फेकू नका. फोटो काढा, त्याच दिवशी आम्हाला कळवा. खरेदीची बिलं आणि स्टॉकची वही दर महिन्याला मोबाइलवर टिपून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. दुकानासोबत वहीही जळते.