लॅटिना महिला सैनिकांची नोंद आणि पदकं : अमेरिकेत अर्ज कसा करायचा?

पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या कायेय गावच्या कार्मेन कॉन्त्रेरास १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या महिला दलात भरती झाल्या. तिथे दाखल झालेल्या त्या पहिल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक वंशाच्या स्त्री. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही येत असल्यामुळे त्यांना उत्तर आफ्रिकेत पाठवलं गेलं आणि अल्जिअर्समध्ये त्यांनी सांकेतिक संदेश पोहोचवण्याचं काम केलं. १९४४ मध्ये पोर्तो रिकोतूनच आणखी दोनशे जणींची निवड झाली. त्यांच्यापैकी किती जणींची नावं आज सांगता येतील? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बहुतेक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या सैनिकांची (स्त्री असेल तर लॅटिना) वेगळी गणना होत नव्हती, त्यामुळे सरकारी कागदांवरून त्यांना शोधणं अवघड जातं. म्हणूनच घरच्यांनी अर्ज करणं फार महत्त्वाचं आहे.

सगळ्यात सोपी नोंद : आर्लिंग्टनचं स्मारक

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीच्या प्रवेशद्वाराशी महिला सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक आहे. ते १९९७ मध्ये खुलं झालं. तिथल्या नोंदवहीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. स्वतः सैनिक असलेली स्त्री अर्ज करू शकते, तसंच तिच्या वतीने नातेवाईक किंवा मैत्रीणही. ती हयात असलीच पाहिजे, अशी अट नाही. नियमित सेवा, राखीव दल, नॅशनल गार्ड, कोस्ट गार्ड, सगळ्या ठिकाणची सेवा चालते. वंशाची किंवा मूळ देशाची अट नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरातली मुलगी तिथल्या सैन्यात असेल, तर तिचंही नाव इथे घालता येतं.

अर्जात सेवेच्या वेळचं नाव, दल, सेवेचा काळ, हुद्दा, मिळालेली पदकं, गणवेशातला फोटो आणि आठवणी द्यायच्या असतात. आठवणींची जागा रिकामी सोडू नका. दुभाषी म्हणून काम केलं, तुकडीचं नेतृत्व केलं, जखमींची शुश्रूषा केली, हे पुढच्या पिढीला तिथूनच कळणार आहे.

सेवेचा दाखला

पदकांसाठी मात्र कागद लागतात. मुख्य दाखला म्हणजे डीडी-२१४, सेवेतून मुक्त होताना मिळणारा. हा फॉर्म १९५० पासूनचा आहे, त्यामुळे महायुद्धातल्या आजीच्या पेटीत तो सापडणार नाही. तिच्या काळी लष्करातल्या शिपायांना डब्ल्यूडी एजीओ ५३-५५ मिळत असे. तोच शोधा.

घरात काहीच नसेल, तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडे एसएफ-१८० हा फॉर्म भरून किंवा ऑनलाइन मागणी करता येते. सेवेतलं पूर्ण नाव, सेवा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि सेवेचा अंदाजे काळ द्यावा लागतो. सैनिक हयात नसेल, तर पुनर्विवाह न केलेला जोडीदार, मुलं, आईवडील आणि भावंडं हे जवळचे नातलग मानले जातात. त्यांनी मृत्यूचा पुरावा जोडायचा. सेवा संपून ६२ वर्षं झाली असतील, तर ते कागद कुणालाही मागता येतात, पण तेव्हा शुल्क पडू शकतं.

नावाची खास काळजी घ्या. स्पॅनिश पद्धतीत वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात, त्यात लग्नानंतर आणखी एक जोडलं जातं. कार्मेन कॉन्त्रेरास पुढे कॉन्त्रेरास-बोझॅक झाल्या. भरतीच्या वेळचं नाव आधी लिहा आणि बाकीची सगळी रूपं खाली द्या.

एक मोठी अडचण मात्र आहे. १२ जुलै १९७३ रोजी या केंद्राला आग लागली. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांचे सुमारे ८० टक्के कागद त्यात जळाले. हवाई दलाचेही १९४७ ते १९६३ मधले बरेच कागद गेले, मुख्यतः इंग्रजी वर्णक्रमात ‘हबर्ड’नंतर येणाऱ्या आडनावांचे, मार्टिनेझ, रिवेरा, व्हेगा ही सगळी त्यात येतात. तरी उत्तर नकारार्थी आलं म्हणून थांबू नका. पगाराच्या नोंदी आणि इतर कागदांवरून सेवा सिद्ध करता येते. घरातली पत्रं, फोटो, रुग्णालयाचे कागद यांच्या प्रती पाठवा, मूळ कागद कधीही पाठवू नका.

न मिळालेलं पदक

मंजूर झालेलं पण हातात न आलेलं किंवा हरवलेलं पदक याच केंद्रामार्फत मागता येतं. पदकाची शिफारसच झाली नसेल आणि मुदत उलटून गेली असेल, तर संघराज्य कायद्याच्या १० व्या शीर्षकातलं ११३० कलम वापरावं लागतं. हा अर्ज अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या सदस्यामार्फत जातो. पोर्तो रिकोच्या कुटुंबांना आपल्या रेसिडेंट कमिशनरकडे, म्हणजे काँग्रेसमधल्या पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीकडे जाता येतं. लष्करासाठी डीए-६३८ हा शिफारस फॉर्म, वरिष्ठांचं किंवा प्रत्यक्षदर्शींचं निवेदन आणि त्या काळचे कागद सोबत जोडायचे. स्पॅनिश पत्रांना इंग्रजी भाषांतर जोडा. निर्णय होकाराचा असो की नकाराचा, तो कारणांसह त्या सदस्याला कळवला जातो. त्यांच्या कार्यालयाकडून त्याची प्रत मागून घ्या.