पार्श्वभूमी : पालघरच्या एका पोस्टपासून

सोशल मीडियावरच्या खोट्या माहितीला सरकारने आळा घालावा का, हा वाद आम्हा ठाणेकरांच्या दारातून गेलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.

त्या पोस्टमध्ये खोटं काहीच नव्हतं, होतं ते एक मत. तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ लागलं, कारण नुसता 'त्रास' होईल असा मजकूरही त्यात बसत होता. अखेर २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं.

मग व्हॉट्सअ‍ॅप घरोघरी आलं आणि प्रश्न जिवावर बेतला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच पावसाळ्यात कळव्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही 'टोळी आलीय' अशी क्लिप फिरत होती. एका दुपारी नेहमीच्या भंगारवाल्याला गेटवर अडवून पोतं उपडं करायला लावलं. रद्दी, बाटल्या, पंख्याचं एक पातं. तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, "अरे, दहा वर्षं येतोय हा आपल्याकडे," म्हणाल्या, म्हणून तो सुटला. पोतं भरताना त्याचे हात थरथरत होते. ती क्लिप मीही पुढे पाठवली होती, आणि ते मला अजून खुपतं.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. माझ्या मते नेम इथे बरोबर होता : बोलणाऱ्यावर नव्हे, पसरण्याच्या वेगावर. पण तेवढ्याने भागलं नाही. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्यात, पुन्हा पालघर जिल्ह्यातच, अफवांनी बिथरलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला.

६ एप्रिल २०२३ ला केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नियम बदलले. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कुठला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यानेच निकाल द्यायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई हायकोर्टात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

अफवांविरुद्धचं कलम मात्र कधीच गेलेलं नव्हतं. राईनपाड्याच्या वेळी भारतीय दंड विधानाचं ५०५ होतं, गडचिंचल्याच्या वेळीही होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३५३ आलं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या गेटवरच्या त्या दुपारी मात्र कोणी पोलिसांना फोनसुद्धा केला नव्हता.