मळीची पोयटा माती (बेळगाव सीमाभाग)

नदीच्या पूरमैदानात, गवताळ कुरणाखाली किंवा पूर्वी कुरण असलेल्या शेतात आढळणारी मध्यम पोताची, खोल गाळमाती. बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय आणि मलप्रभा या नद्यांच्या काठाने ती तुटक पट्ट्यांत दिसते. निपाणी-चिकोडीपासून कागवाड-अथणीपर्यंतचा मराठी शेतकरी काठच्या अशा रानाला ‘मळी’ म्हणतो. वरच्या अंगाच्या उथळ, मुरमाड माळापासून आणि खोल काळ्या भारी रानापासून तो तिला वेगळी धरतो. हा वेगळेपणा शास्त्रीय वर्गीकरणातही टिकतो. मात्र त्याची कारणे मातीच्या रंगात नाहीत, थरांत आहेत.

पोत. मातीच्या कणांचे आकारावरून तीन गट करतात: वाळू (२ ते ०.०५ मिमी), गाळकण (०.०५ ते ०.००२ मिमी) आणि त्याहून बारीक चिकणकण. वाळू २३ ते ५२ टक्के, गाळकण २८ ते ५० टक्के आणि चिकणकण ७ ते २७ टक्के असतील तर ती माती पोयट्यात मोडते. चिकणकणांचा वाटा यात बहुधा सर्वांत कमी असूनही मातीच्या वागणुकीवर त्यांचाच अंमल जास्त चालतो. ते २७ टक्क्यांच्या वर गेले की चिकण पोयटा होतो आणि ४० टक्क्यांच्या वर सहसा शेतकऱ्याची ‘भारी काळी’ सुरू होते.

शिवारात उभ्याउभ्या ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती घेऊन खडे आणि मुळ्या काढाव्यात, थोडेथोडे पाणी शिंपडत ती मळावी आणि लिंबाएवढा गोळा करावा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पट्टी पुढे सरकवावी. पट्टी अडीच सेंटिमीटर व्हायच्या आत स्वतःच्या वजनाने तुटली, बोटांना थोडी खरखर आणि थोडा पिठासारखा मऊपणा दोन्ही लागले, तर तो पोयटा. अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयटा. त्याहून लांब गेली, बोटांना चिकटून राहिली आणि चकाकली, तर ती भारी जमीन. चिकोडी भागात काठापासून आत चालत जाऊन ठिकठिकाणी ही परीक्षा केली, तर पट्टीची लांबी वाढत जाते. काठ आणि आतले रान यांतला फरक इतक्या साध्या रीतीने हातात येतो.

निर्मिती. पुराचे पाणी काठ ओलांडून पसरले की त्याचा वेग एकदम पडतो. जड कण आधी खाली बसतात, म्हणून वाळू आणि भरड गाळ काठालगतच राहतो. चिकणकण मात्र संथ पाण्याबरोबर दूरवर जातात आणि पाणी साचते त्या सखल भागात सावकाश निवळतात. असे शेकडो पूर येऊन गेले की काठाला हलकासा लांबट उंचवटा तयार होतो. पोयटा बहुधा तिथेच असतो. त्यामागचे सखल रान पूरमैदानातलेच, पण तिथली माती पोयटा नसते. बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूरचे भाताचे शिवार बळ्ळारी नाल्याच्या पुरात बुडते. तेही पाण्याखाली जाणारेच रान, पण त्याची जमीन पाणी धरून ठेवणारी भारी काळी आहे. भात काढल्यावर मागच्या ओलीवर तिथे मसूर येतो तो त्यामुळेच. म्हणून ‘पुराची जमीन म्हणजे पोयटा’ ही समजूत सोडून दिली पाहिजे.

नदीच्या वळणावर हा पट्टा आणखी तुटतो. वळणाच्या आतल्या बाजूला नदी वाळू टाकते, बाहेरच्या बाजूला दरड खाते. म्हणूनच मळीतल्या एकाच गट क्रमांकाच्या शेतात एका टोकाला वाळूसर आणि दुसऱ्या टोकाला चिकण माती सापडणे हा इथला नेम आहे.

गाळ कोणत्या खडकाचा, हेही तितकेच महत्त्वाचे. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा दख्खनच्या काळ्या पाषाणावरून, म्हणजे बेसाल्टवरून येतात. त्यांच्या गाळात स्मेक्टाइट हे पाण्याने फुगणारे चिकणखनिज भरपूर असते. त्यामुळे त्यांच्या मळीत चिकणकण थोडे असले तरी उन्हाळ्यात बारीक भेगा पडतात. घटप्रभा गोकाकजवळ ५२ मीटरचा कडा उतरते. तिथल्या कलादगी नावाच्या खडकमालेच्या क्वार्ट्‌झाइट आणि वालुकाश्मामुळे खालच्या गाळात वाळू वाढते. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. त्या भागात जांभा खडक असल्याने वरच्या टप्प्यातला पोयटा तांबूस असतो, त्यात केओलिनाइट हे न फुगणारे चिकणखनिज जास्त असते आणि सामू (pH) ७ च्या खाली असतो. चिकोडी-रायबागकडे तोच सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान भरतो.

पावसाचा फरकही या खनिजांच्याच दिशेने जातो. कणकुंबीकडे वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात १,२०० ते १,३०० मिमी आणि अथणीकडे ६०० मिमीच्या आसपास. पश्चिमेला चुना धुऊन जातो, पूर्वेला तो जमिनीतच साठतो.

छेद. मे महिन्यात पात्र उतरले की नदीने कापलेल्या दरडीत या मातीचा छेद आयता वाचता येतो. वरचे वीस-एक सेंटिमीटर गडद तपकिरी असतात. हरळी, लव्हाळा, मारवेल यांच्या मुळ्यांनी विणलेला हा थर हाताने दाबला की रव्यासारखा मोकळा होतो. त्याखाली अर्धा-पाऊण मीटरपर्यंत माती कोनदार ढेकळांनी फुटते. त्यात गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळ्यांच्या वाटा दिसतात. आणखी खाली खरी गंमत आहे: फिकट आणि गडद असे आडवे पट्टे, मध्येच बोटभर वाळूची रेघ, तिच्याखाली पुन्हा काळसर गाळ. प्रत्येक रेघ म्हणजे एक जुना मोठा पूर. काळसर पट्टा म्हणजे त्या दोन पुरांच्या मधल्या काळात गवत उगवलेला, आता पुरला गेलेला जुना पृष्ठभाग. पूर्वेकडच्या दरडींत सुमारे मीटरभर खोलीवर चुनखडीचे खडे लागतात. त्यांवर सौम्य आम्ल टाकले की फेस येतो. खानापूरकडे त्याच खोलीवर चुना मिळत नाही. तिथे भाताखालच्या जमिनीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात.

गवताचे काम. बारीक, दाट मुळ्यांचा मोठा भाग दरवर्षी मरतो आणि तिथेच कुजतो. त्यातून निघणारे चिकट पदार्थ कण बांधून ठेवतात. पाणी मुरायला लागणारी पोकळी या बांधणीतून तयार होते. पोयट्यात पाणी साधारणपणे तासाला १० ते २० मिमी वेगाने मुरते, चिकण जमिनीत १ ते ५ मिमी. पिकाला घेता येईल असे पाणी पोयटा मीटरभर खोलीत १५० ते २०० मिमीपर्यंत धरतो. पाऊस थांबल्यावर मळीत वापसा लवकर येतो तो यामुळे. शेजारचे काळे रान अजून पायाला चिकटत असते, तेव्हा मळीत कुळव चालू झालेला असतो. त्या चिकट रानाच्या नांगरटीसाठीच या खोऱ्यात कृष्णा व्हॅली ही अंगापिंडाने दांडगी बैलांची जात जोपासली गेली. मळीला तसल्या ताकदीची गरज कधी पडली नाही.

गवताळ मातीचे नाव निघाले की युक्रेनमधल्या काळ्या चेर्नोझेमची आठवण निघते. ती तुलना इथे लागू पडत नाही. थंड गवताळ प्रदेशात कुजण्याचे काम हिवाळ्यात थांबते आणि सेंद्रिय पदार्थ साठत जातात. इथे ऊब वर्षभर असते, ओल मिळाली की कुजणे चालूच राहते. म्हणून कसलेल्या मळीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या ते एक टक्क्याच्या आसपास राहतो. न नांगरलेल्या गायरानात, ज्याला कर्नाटकच्या महसुली कागदांत गोमाळ म्हणतात, तो थोडा बरा असतो. बेसाल्टी मातीचा काळेपणा खनिजांशी घट्ट बांधलेल्या थोड्याशा ह्यूमसचा, म्हणजे कुजून उरलेल्या सेंद्रिय भागाचा असतो. रंग पाहून कर्ब ठरवणे हा इथला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

वर्गीकरण. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथल्या जमिनीची पहिली पद्धतशीर प्रतवारी मुंबई इलाख्याच्या महसुली पाहणीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या त्या रीतीत माती पोत आणि रंगावरून तीन प्रकारांत बसवत आणि खोली हातांत मोजत. पावणेदोन हात खोल, एकसारख्या बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची, म्हणजे पहिल्या प्रतीची. ती धरून एकूण नऊ प्रती. मग दोष मांडत: चुनखड, वालसर, उतारवट, धुपण, उपळवट (झरे फुटणारी) असे. प्रत्येक दोषाला प्रत एकेक पायरी उतरे. ही रीत शेतसाऱ्यासाठी होती आणि त्या कामाला ती विलक्षण नेमकी होती. पण मळीच्या पोयट्याला ती कमी लेखण्याची शक्यता मोठी: वाळूसाठी एक दोष, पुराने धुपण्यासाठी दुसरा. जो पूर दोष म्हणून मांडला जाई, त्यानेच ती जमीन घडवली होती.

आधुनिक पाहणी अमेरिकी मृदा वर्गीकरणावर चालते. १९७६ साली नागपूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे काम त्याच चौकटीत होते. तिथे निर्णय छेदावरून होतो. गाळाचे आडवे पट्टे अजून शाबूत असतील आणि खोलीबरोबर कर्ब कमी-जास्त होत जात असेल, किंवा १२५ सेंमी खोलीवरही ०.२ टक्के उरला असेल, तर माती एंटिसॉल गणात, फ्लुव्हेंट उपगणात जाते. वर्षात एकूण ९० किंवा अधिक दिवस कोरडी पडणाऱ्या इथल्या ओलमानामुळे तिचे पुढचे नाव उस्टिफ्लुव्हेंट. पट्टे मुळ्यांनी आणि गांडुळांनी मोडून ढेकळांची रचना आली असेल, तर ती इन्सेप्टिसॉल, बहुधा हॅप्लुस्टेप्ट. तळाशी गाळाची खूण उरलीच असेल तर त्या नावाच्या आधी ‘फ्लुव्हेंटिक’ हे विशेषण लागते. मळीचा मोठा भाग याच ठिकाणी बसतो.

मागच्या सखल रानात चिकणकण ३० टक्क्यांच्या वर जातात, रुंद भेगा पडतात आणि खोलवर घासून चकचकीत झालेले तिरपे पृष्ठ दिसतात. ते व्हर्टिसॉल. गवताळ मातीचा म्हणून ओळखला जाणारा मॉलिसॉल गण इथे क्वचितच लावता येतो. त्यासाठी पुरेसा जाड, ओला असताना गडद आणि सुकल्यावरही मऊ राहणारा वरचा थर लागतो. त्यात किमान ०.६ टक्के कर्ब आणि ५० टक्क्यांच्या वर क्षारक-संपृक्तता (कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारकांनी व्यापलेला वाटा) असावी लागते. कर्ब आणि क्षारक यांच्या अटी जुने गायरान पुष्कळदा पुरी करते. अडचण येते ती थराच्या जाडीची आणि सुकल्यावर तो दगडासारखा कडक होण्याची. जागतिक संदर्भ पद्धतीत यांतल्या एंटिसॉल, इन्सेप्टिसॉल आणि व्हर्टिसॉल या मात्या अनुक्रमे फ्लुव्हिसॉल, कॅम्बिसॉल आणि व्हर्टिसॉल या गटांत येतात.

वापर आणि ऱ्हास. मळीत पूर्वी हरभरा, गहू, शाळू, भुईमूग, वांगी घेत. काठाचा उतार गवतासाठी राखलेला असे. आता काठापर्यंत ऊस आला आहे. पाटाचे आणि उपसा सिंचनाचे पाणी बारमाही दिल्याने, निचरा नसलेल्या ठिकाणी भूजल वर चढते आणि क्षार पृष्ठभागावर येतात. पाण्याने संपृक्त केलेल्या मातीतून काढलेल्या द्रावाची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारपड धरतात. विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेले की चोपण. क्षारपड जमीन निचरा करून आणि पाण्याने धुऊन सुधारते, चोपणाला आधी जिप्सम लागतो. पोयटा यांतून भारी जमिनीपेक्षा लवकर सावरतो, कारण त्यात पाणी खाली उतरायला वाट असते.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी मळीवर वेगवेगळे काम केले. कुठे बारीक गाळाचा थर चढला, कुठे वाळू पसरली, कुठे नांगरटीचा थरच निघून गेला. साध्या वर्षांत मात्र हिडकल, नविलुतीर्थ यांसारखी धरणे गाळ अडवून धरतात आणि काठाला पूर्वीसारखी वार्षिक भर मिळत नाही. वीटभट्ट्यांना हाच पोयटा लागतो, कारण तो साच्यात बसतो आणि वाळताना भारी मातीसारखा तडकत नाही. वरचा मीटरभर थर विटांसाठी विकला की खाली उरते ती वाळू किंवा चुनखडीचा थर. तो थर पुन्हा भरायला नदीला लागणारा काळ माणसाच्या हिशोबातला नाही.

मळीची माती काठापासून सखलापर्यंत आणि थराथराने बदलते, त्यामुळे तिथल्या शेताचा माती-परीक्षणाचा नमुना एकाच ठिकाणचा आणि फक्त वरच्या वीतभराचा घेऊ नये. काठाकडचा, मधला आणि सखलाकडचा असे तीन वेगळे नमुने घ्यावेत. ऊस किंवा फळझाड लावायचे असेल तर दर ३० सेंमीला एक याप्रमाणे ९० सेंमीपर्यंत माती काढावी आणि प्रत्येक थराची पिशवी वेगळी ठेवावी. वाळूची रेघ किंवा चुनखड कितव्या वितीला लागली, ते पिशवीवरच लिहावे.